जेनेरिक कंपनी जोखायची कशी? वोक्हार्टचं उदाहरण घ्या

औषध कंपनीचं नाव निघालं की बहुतेक जण थेट शेअरचा भाव बघतात. मी आधी कारखाना बघतो, मग चाचण्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, वोक्हार्टच्या वाळूज आणि चिकलठाणा इथल्या कारखान्यांचा माल अडवला, आणि अमेरिकेतला धंदा बसला. २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या जेनेरिक औषधांच्या धंद्यातून अंगच काढून घेतलं.

मग उरलं काय? अँटिबायोटिक संशोधन, ज्यातून बड्याबड्या कंपन्यांनी काढता पाय घेतला! २०२० मध्ये भारतात तिच्या एमरॉक या अँटिबायोटिकला मंजुरी मिळाली. न्यूमोनियावरचं मिकनाफ (नाफिथ्रोमायसिन) तर दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचं.

खरी उत्सुकता झायनिकची, म्हणजे सेफेपाइम आणि झिडेबॅक्टम यांच्या जोडीची. दोन्ही रेणू जिवाणूची भिंत बांधणाऱ्या वेगवेगळ्या प्रथिनांना पकडतात, म्हणून एकापासून निसटलेला जिवाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. ५३० रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याची गाठ मेरोपेनेम या आधीपासून वापरात असलेल्या अँटिबायोटिकशी होती. इथेच डोळे उघडे ठेवा: चाचणी मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गाची होती. तिचा निकाल न्यूमोनियालाही लागू होईल, असं धरून चालू नका.

शिवाय नवं अँटिबायोटिक जपूनच वापरायचं असतं, त्यामुळे औषध उत्तम असलं तरी खप मर्यादितच. माझ्या मते संशोधन अव्वल, धंदा जोखमीचा. कंपनीचं सादरीकरण वाचलंत तर एफडीएचे तपासणी अहवालही वाचा; ते फुकट मिळतात.