पहिले यंत्र सोल्युशनच्या टेबलावर हवे

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला आणि भारतीय पादत्राणांवरचे १६ टक्क्यांपर्यंतचे शुल्क शून्यावर येणार म्हणून आग्रा, कानपूर, आंबूर इथल्या निर्यातदारांना हायसे वाटले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने त्यांची झोप उडवली. त्याआधी फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाने चामडे आणि पादत्राणांसाठी खास योजना जाहीर केली होती : २२ लाख रोजगार, चार लाख कोटींची उलाढाल, १.१ लाख कोटींहून अधिक निर्यात. वर्षअखेरीस प्राडाने लिडकॉम आणि लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी केलेल्या करारामुळे कोल्हापुरी चप्पल पुन्हा पहिल्या पानावर आली. या सगळ्या बातम्यांत शुल्क होते, ब्रँड होते, रोजगाराचे आकडे होते. जोड्याचा तळ वरच्या चामड्याला कोण चिकटवतो, कशाने चिकटवतो आणि चिकटवताना काय हुंगतो, याबद्दल मात्र कुठे अवाक्षर नव्हते.

अर्थसंकल्पातल्या योजनेत यंत्रसामग्रीला मदत करण्याचा उल्लेख आहे. ती मदत आधी कुठल्या यंत्राला मिळावी, हा या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर पक्के आहे : सोल्युशन, म्हणजे जोडा चिकटवणारे द्रव्य, लावणाऱ्या यंत्राला.

सांधा धरतो कसा?

पारंपरिक कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या वादीने शिवतात. आज दुकानात मिळणारे बहुतेक ऑफिस शूज आणि जवळपास सगळे स्पोर्ट्स शूज मात्र चिकटवलेले असतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कारखानदारीच्या प्रमाणावर सुरू झालेली ही पद्धत आधी निओप्रीन रबराने आणि नंतर पॉलियुरेथेनने पक्की केली. शिवणीपेक्षा जोडा हलका झाला, स्वस्त झाला आणि लवकर तयार होऊ लागला.

तयार चामड्यावर रंगाचा आणि फिनिशचा पातळ थर असतो. सोल्युशन त्या थराला घट्ट धरते, पण थरच चामड्यापासून सुटतो. म्हणून फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) ताणलेल्या अप्परची (वरच्या चामड्याची) खालची कड आधी घासून खरबरीत करतात. मग प्रायमर, मग सोल्युशनचा हात. ते वाळू द्यायचे. वाळलेला थर ६० ते ८० अंशांच्या उष्णतेने पुन्हा चिकट करायचा, तळ बरोबर जागेवर बसवायचा, दाबयंत्रात दाबायचा आणि थंड करायचा. सोल्युशन आखलेल्या रेषेच्या वर गेले तर जोड्यावर डाग दिसतो. खाली राहिले तर फट पडते आणि पहिल्या पावसात तळ तोंड उघडतो. सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या सांध्याने रुंदीच्या दर मिलिमीटरला किमान चार न्यूटन ओढ सोसली पाहिजे. म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी सोलायला सुमारे चार किलो वजनाइतका जोर लागावा.

हे झाले तळाचे. त्याआधी अप्पर शिवतानाच सोल्युशन अनेकदा लागते : रापीने किंवा यंत्राने पातळ केलेली कड दुमडताना, अस्तर बसवताना, टाचेचा कडक तुकडा आत घालताना. छोट्या कारखान्यात ही सगळी कामे एक ब्रश आणि एक उघडा डबा यांवर चालतात. डब्यातल्या पॉलियुरेथेन सोल्युशनमध्ये चिकटणारा पदार्थ साधारण १५ ते २० टक्केच असतो. उरलेले द्रावक हवेत उडून जाण्यासाठीच घातलेले असते. दर पाच लिटरमागे चार लिटर हवेत जातात आणि त्या हवेत माणूस दहा तास बसलेला असतो.

इस्तंबूलचे डॉक्टर

उडून जाणारे हे द्रावक काय करते, ते सर्वांत स्पष्टपणे दाखवले मुझफ्फर अक्सोय यांनी. ते इस्तंबूलमधले रक्तविकारतज्ज्ञ. तिथल्या जोडे कारागिरांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेंझिन असलेले स्वस्त सोल्युशन वापरायला सुरुवात केली. जागा कोंदट, खिडक्या बंद, काम हाताचे. काही वर्षांत अक्सोय यांच्याकडे रक्त तयार होणे थांबलेले रुग्ण येऊ लागले. बहुतेकांचा धंदा एकच होता. अक्सोय दवाखान्यात थांबले नाहीत. त्यांनी कामाच्या जागी जाऊन हवा मोजली, तेव्हा काही ठिकाणी दहा लाख भागांत बेंझिनचे २०० हून अधिक भाग सापडले. १९७४ मध्ये ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हिशेब मांडला : इस्तंबूलचे सुमारे २८,५०० जोडे कामगार, १९६७ ते १९७३ या काळात तीव्र रक्तकर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे २६ रुग्ण, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे १३. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १९६९ नंतर इस्तंबूलमध्ये बेंझिनचा वापर हळूहळू बंद होत गेला आणि पुढच्या काही वर्षांत नव्या रुग्णांची संख्या घटली. सोल्युशनच्या डब्यातला एक पदार्थ बदलला आणि माणसे वाचली. कारागिरांच्या आजाराला ‘नशीब’ म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाने या घसरणीचा आलेख भिंतीवर लावावा.

इटलीने हा धडा थोडा आधी घेतला. पाविया प्रांतातल्या जोडे कामगारांत बेंझिनची विषबाधा पसरल्यावर तिथे १९६३ मध्ये कायद्याने त्यावर मर्यादा आल्या. याच प्रांतातले विजेवानो हे गाव जोड्यांसाठी प्रसिद्ध होते आणि आज ते जोडे बनवणाऱ्या यंत्रांचे जगातले एक प्रमुख केंद्र आहे. सोल्युशनची किंमत ज्या प्रांताने रक्तात मोजली, तिथूनच ते मोजून-मापून लावणारी यंत्रे जगभर जातात.

बेंझिन मागे पडले, पण धोका रूप बदलत राहिला. जपानमध्ये १९६० च्या दशकात सँडल बनवणाऱ्या १,६६२ कामगारांपैकी ९३ जणांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. कारण होते सोल्युशनमधले हेक्झेन. मग टोल्युइन या द्रावकाची पाळी आली. व्हिएतनाममधल्या बियेन होआ इथे नाइकीसाठी जोडे बनवणाऱ्या कारखान्याचा लेखापरीक्षण अहवाल नोव्हेंबर १९९७ मध्ये फुटला. काही विभागांत टोल्युइन स्थानिक कायदेशीर मर्यादेच्या १७७ पटींपर्यंत असल्याचे त्यातून जगाला कळले. सहा महिन्यांनी, मे १९९८ मध्ये, नाइकीचे प्रमुख फिल नाइट यांना वॉशिंग्टनमध्ये जाहीर करावे लागले की हवेसाठी अमेरिकी मानके पाळू आणि पाण्यावर आधारित सोल्युशनकडे वळू.

कुठले यंत्र, हे विचारा

‘यंत्र आले की प्रश्न सुटला’ असे म्हणणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. सोल्युशन लावणारी यंत्रे अनेक जातींची असतात. सर्वांत साधे रोलरचे : खालचा रोलर टाकीत बुडून फिरतो, पाते जादा थर खरवडते, वरून चामड्याचा तुकडा सरकतो आणि त्याच्या एका बाजूला सारखा थर बसतो. काम वेगाने होते, माल वाया जात नाही. पण त्या टाकीत टोल्युइनचे सोल्युशन असेल आणि वर झाकण व वाफ ओढणारा पंखा नसेल, तर एका ब्रशच्या जागी सतत वाफ सोडणारे रुंद तोंड आपण खोलीत आणून ठेवले. त्याच यंत्रात रबराचा चीक किंवा पाण्यावर आधारित सोल्युशन असेल तर गोष्ट बदलते.

दुसरी जात उष्णतेने वितळणाऱ्या घन चिकटद्रव्याची. कड दुमडणाऱ्या यंत्रात एक बारीक नळी पातळ केलेल्या कडेवर वितळलेली रेघ सोडते आणि यंत्राचे बोट लगेच कड दुमडून दाबते. पुढचा भाग फर्म्यावर ताणणारे यंत्र अप्पर आणि आतला तळवा यांच्यामध्ये हेच द्रव्य भरते. द्रावक नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. तापमान नीट सांभाळले आणि वर धूर ओढणारी नळी बसवली की झाले.

तिसरी जात रोबोटची. कॅमेरा किंवा लेझर अप्परचा आकार मोजतो, संगणक कडेची रेषा ठरवतो आणि हात त्या रेषेवर फवारा मारतो. पाण्यावर आधारित सोल्युशनला हे विशेष मानवते. त्यात चिकटणारा पदार्थ निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून थर पातळ आणि अचूक लागतो. पाणी सावकाश उडते, म्हणून त्याला गरम हवेचा बोगदा लागतो. हा सगळा संच बंदिस्त करता येतो. कामगार काचेबाहेर उभा राहून घासलेली कड तपासतो, आकार बदलला की रेषा दुरुस्त करतो. चामडे कुठे ताणले जाईल आणि कुठे सैल पडेल, ही त्याची जाण वाया जात नाही, उलट यंत्राला तिचीच गरज असते.

रोजगाराची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी दाखवली जाते. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला रोबोटांचे कारखाने मोठ्या थाटात उघडले आणि २०२० च्या वसंतापर्यंत दोन्ही बंद केले. तिथली तंत्रे आशियातल्या पुरवठादारांकडे गेली. सबंध जोडा माणसाविना बनवणे अजून परवडत नाही. म्हणजे कारागीर राहणारच आहे. मग त्याच्या कामाचा जो भाग सर्वांत विषारी आहे, तो आधी यंत्राकडे द्यायला काय हरकत आहे?

वीसच्या आतली माणसे

अडचण मोठ्या निर्यातदारांची नाही. परदेशी ग्राहकाचा परीक्षक येतो म्हणून तिथे पंखे लागतात. अडचण आग्र्याच्या घराघरांतल्या कामाची आहे, मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या माळ्यांवरची आहे. तिथे डबा, ब्रश, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास एकाच छताखाली चालतो. शिवाय द्रावक पेट घेते. आग्र्यात मे २००२ मध्ये एका जोडे कारखान्याच्या आगीत चाळीसहून अधिक कामगार गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत वीज वापरणारा ‘कारखाना’ ठरण्यासाठी आता दहाऐवजी वीस कामगार लागतात. सोल्युशनच्या सर्वांत वाईट खोल्या याच मर्यादेखाली आहेत. पण त्याच संहितेत एक दारही आहे : काम धोकादायक असेल तर एकच कामगार असलेल्या आस्थापनेलाही सुरक्षेच्या तरतुदी लागू करण्याची अधिसूचना सरकार काढू शकते. द्रावकयुक्त सोल्युशनने जोडे चिकटवण्याचे काम या यादीत बसले नाही, तर कुठले बसेल?

म्हणून मागणी तीन ओळींत मांडतो. अनुदानाच्या यादीत सोल्युशन लावणारे यंत्र सर्वांत वर ठेवा आणि वाफ ओढण्याची सोय नसलेल्या यंत्राला एक पैसा देऊ नका. ज्यांना यंत्र एकट्याने परवडत नाही, त्यांच्यासाठी वस्तीत सामायिक केंद्र उभारा, जिथे कारागीर घासलेले अप्पर आणि तळ घेऊन येईल आणि चिकटवून नेईल. आणि डब्यावर आतल्या द्रावकाचे नाव व धोका कारागिराच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करा. इस्तंबूलने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे की डब्यातले द्रव्य बदलले की आजार कमी होतो. निर्यातीचे आकडे गाठताना हा पुरावा समोर असूनही आपण दुर्लक्ष केले, तर पुढच्या रुग्णांची जबाबदारी नशिबावर ढकलता येणार नाही. ती योजना आखणाऱ्यांची असेल.