दोघांनी ओढायचा फटाका

नरकचतुर्दशीच्या पहाटे अकोल्याला ताईच्या घरी मला जाग आली ती उटण्याच्या वासानं. गॅसवर गंजात पाणी तापत होतं, अंगणात पणत्या लागल्या होत्या. भाचा माझ्याही आधी उठून, कानाला हेडफोन लावून पलंगाच्या कोपऱ्यात बसलेला. ताईनं आतून आवाज दिला, "काय रे, आंघोय करतं का नाही?" फोनवरची नजर न काढता तो म्हणाला, "थांब ना वं आई. साडेपाचले दिवस बदलते. चौघं लागतात."

ताईला हे उत्तर कळलं नाही. मला कळलं आणि फार आवडलं. अनेक ऑनलाइन खेळ आपला दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजतात. त्या वेळेनुसार मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. रूनस्केपचा दिवस असाच बदलतो. म्हणजे इकडे अभ्यंगस्नानाची वेळ आणि तिकडे नव्या दिवसाच्या कामगिऱ्या खुल्या होण्याची वेळ एकच. हा योग कुणी जुळवून आणलेला नाही. पण दोन्हीकडे पोरं अंधारात उठून बसतात, कारण ही वेळ गेली की गेली.

ऑनलाइन खेळांतल्या सणांच्या इव्हेंटचा नाद मला वीस वर्षांपासून आहे. खेळापेक्षाही त्यातल्या सणांचा. ख्रिसमस आला की गावावर बर्फ पडतो, हॅलोविनला भोपळे हसू लागतात, दिवाळीत लॉबीत आकाशकंदील लागतात. पंधरा दिवसांनी सगळं नाहीसं होतं. हे का करतात आणि लोक त्यासाठी का धावतात, याचा विचार करता करता मी दरवेळी आपल्या वऱ्हाडातल्या सणांपाशी येऊन पोचतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं वर्षभराच्या सणांचं पंचांगच खेळात बसवलं आणि पुढे सगळ्यांनी तो कित्ता गिरवला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात इंटरनेट पडलं. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला, २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय होऊन परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. फ्री फायरनं २०२० च्या दिवाळीत हृतिक रोशनवर बेतलेलं 'जय' नावाचं पात्र आणलं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या खेळावरही बंदी आली, 'मॅक्स' आवृत्ती तेवढी राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. एवढं पुरे. आता मला ज्याविषयी खरं बोलायचं आहे, तिकडे वळतो.

रूनस्केप हा खेळ ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या अँड्र्यू गॉवरनं ४ जानेवारी २००१ ला सुरू केला. तो साध्या ब्राउझरमध्ये चालायचा, म्हणूनच आमच्यासारख्यांपर्यंत पोचला. अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोक्यात बसून, मी तो पहिल्यांदा खेळलो. तासाचे पैसे मोजून लाकडं तोडायची, मासे पकडायचे, ते भाजायचे. बाजूच्या खोक्यातला मुलगा नोकरीचे अर्ज भरायचा आणि अधूनमधून माझ्या पडद्यात डोकावून विचारायचा, "भेटला का मासा?"

एके दिवशी वॅरॉक नावाच्या शहरात, बँकेबाहेर, एक खेळाडू उभा दिसला. त्याच्या डोक्यावर टोकाटोकांचा निळा कागदी मुकुट होता. ना त्यानं तलवारीचा वार वाढत होता, ना कातडीला बळ येत होतं. तरी त्याच्याभोवती वीसेक जण गोळा झालेले. कुणी सोनं देऊ करत होतं, कुणी नुसतं "बघू दे" म्हणत होतं. तिथेच मला त्या मुकुटाची गोष्ट कळली आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

२००१ च्या ख्रिसमसला, खेळ सुरू होऊन वर्षही झालेलं नसताना, निर्मात्यांनी रूनस्केपच्या जमिनीवर जागोजागी 'ख्रिसमस क्रॅकर' टाकले. क्रॅकर म्हणजे इंग्रजांच्या नाताळच्या जेवणात ताटाशेजारी ठेवतात ती कागदी नळी. १८४० च्या दशकात लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्यानं ती काढली. दोन्ही टोकं दोघांनी धरून ओढायची; आतल्या पट्टीवरचं रसायन घासलं जातं, फट्कन आवाज होतो, नळी फाटते आणि आतून कागदी मुकुट निघतो. मला मोठी गंमत वाटते ती ही, की हा फटाका एकट्यानं फोडायचा नसतोच. समोर कुणीतरी हवंच.

खेळातही तोच नियम ठेवला होता. क्रॅकर उचलला तरी तो तुमच्या थैलीत नुसता पडून राहायचा. तो दुसऱ्या खेळाडूवर वापरायचा, दोघांनी ओढायचा, आणि मुकुट दोघांपैकी कुणा एकाला मिळायचा. कुणाला, ते आधी सांगता येत नसे. म्हणजे तुम्ही शोधलेला फटाका, मुकुट मात्र एखाद्या अनोळखी माणसाच्या डोक्यावर! लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, पांढरा असे सहा रंग. त्या दिवशी त्याची किंमत कुणालाच वाटली नाही. अनेकांनी मुकुट फेकून दिले, हरवले, काहींनी खेळच सोडला.

आणि मग ते पुन्हा वाटलेच गेले नाहीत. वर्षं जात राहिली, मुकुट कमी होत गेले, किंमत चढत गेली. त्या खेळात नाण्यांच्या एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी राहू शकत होती, कारण संगणकाच्या ३२ बिटांच्या खात्यात तेवढाच आकडा मावतो. कागदी मुकुटाची किंमत त्याच्याही पुढे गेली. मग सौद्यात नाण्यांसोबत आणखी मौल्यवान वस्तू ठेवाव्या लागू लागल्या. खेळातल्या सगळ्या तिजोऱ्यांहून मोठी झालेली ही वस्तू मुळात जमिनीवर फुकट पडलेली होती.

बहुतेक लोक या गोष्टीतून टंचाई तेवढी उचलतात. थोडं बनवा, थोडेच दिवस ठेवा, लोक तुटून पडतील. खेळांच्या कंपन्यांनीही हाच धडा घेतला. मला मात्र दुसरा धडा महत्त्वाचा वाटतो. दोघांनी ओढल्याशिवाय तो मुकुट निघतच नव्हता. सण व्हायला दुसरा हात लागतो, हे त्या पोरसवदा खेळाला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. दसऱ्याला आपण आपट्याची पानं 'सोनं' म्हणून देतो. संध्याकाळी अख्खं गाव एकमेकांच्या दारी जातं, थोरांच्या हातात पानं ठेवून पाया पडतं. त्या चार-पाच तासांत त्या पानाइतकं मोलाचं काही नसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाला असतो. खेळातल्या इव्हेंटचं टोकनही असंच मुदतीनंतर निकामी होतं. पण आपट्याचं पान साठवून ठेवून कुणी श्रीमंत झालं नाही. ते दिलं तरच त्याचं सोनं होतं.

तसंच भुलाबाईचं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली घरोघरी भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, हातात टिपऱ्या आणि गाण्यांमागून गाणी. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते, कानापाशी हलवून वाजवते आणि मुलींनी खिरापत ओळखायची. आमची आई डब्यात फुटाणे घालायची आणि आवाज बदलावा म्हणून वर कापड ठेवायची. मुली हरल्या की तिचा चेहरा फुलायचा. आत काय आहे ते माहीत नसण्याची ती ओढ आणि आजच्या खेळांतल्या बंद पेटीची, 'क्रेट'ची, ओढ एकच आहे. फरक एवढाच, की भुलाबाईचा डबा उघडला की खिरापत सगळ्यांच्या ओंजळीत जायची, ओळखलेल्यांच्याही, चुकलेल्यांच्याही.

भाच्यानं दोन वर्षांपूर्वी मी दिलेले दिवाळीचे ५०० रुपये एका गेमच्या दिवाळी क्रेटमध्ये घातले. हवी होती ती बंदुकीची स्किन. निघाली किरकोळ कुपनं. तो दिवसभर गप्प होता. पैसे गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. पोराच्या हाती सणाचा डबा आला, तो वाजवून दाखवायला समोर कुणी नव्हतं आणि वाटून खायला आत काही नव्हतं, याचं वाटलं. अशा क्रेटला सणाचं नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. २०१६ साली पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे यायचा होता. तो १४ डिसेंबरला आला. पण जुलैपासूनच पोरांनी आडवाटेनं तो फोनमध्ये घातला होता. या खेळाचा पहिला सणाचा इव्हेंट हॅलोविनचा होता, २६ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आलं ३० ऑक्टोबरला. मी अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला निघालो होतो. रस्त्यावर रांगोळ्या, माळा, लाह्या-बत्ताशांच्या गाड्या. आणि फोनच्या नकाशावर त्याच रस्त्यात जांभळी भुतं, गॅस्टली आणि हाँटर. आश्विनातली अमावास्या दोन्हीकडे आपापल्या परीनं साजरी होत होती. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच खेळानं 'फेस्टिव्हल ऑफ लाइट्स' आणला, डेडेने नावाचा पिवळा उंदीर त्यात पहिल्यांदा दिसला. तो मी पकडला, पण भुतांची ती दिवाळी जास्त लक्षात राहिली. तिला जागा होती, रस्ता होता, येणारी-जाणारी माणसं होती.

क्लॅश ऑफ क्लॅन्सचाही एक रिवाज मला मनापासून आवडतो. दर डिसेंबरात खेळाडूच्या गावात ख्रिसमसचं झाड उगवतं. ते तोडलं तर बक्षीस मिळतं. पण जुने खेळाडू तोडत नाहीत. गावाच्या एका कडेला वर्षावर्षाची झाडं ओळीनं राखतात. पाहुणा आला की त्याला झाडांवरूनच कळतं, घर किती जुनं आहे. पारावरचा वड बघून गावाचं वय सांगावं, तसं.

स्वतःचा सण खेळात कसा आणावा हे चिनी निर्मात्यांनी दाखवलं. २०२० साली आलेल्या गेन्शिन इम्पॅक्टमध्ये २०२१ पासून दर चिनी नववर्षाला 'लँटर्न राइट' होतो. त्याला गोष्ट आहे, जुनी पात्रं घरी परततात, सगळे मिळून आकाशात दिवे सोडतात. आपल्याकडे नवी मुंबईच्या गेमशननं २०१६ साली काढलेल्या लुडो किंगमध्ये दिवाळीचा पट आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' १६ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळीच्या तोंडावर आला. म्हणजे हात आहेत, हुन्नर आहे. पण आपला सण अजून बहुतेक खेळांत पणतीच्या चित्रावर आणि सवलतीवरच थांबतो.

कुणा निर्मात्यानं मला विचारलं, तर मी त्याला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला बोलावीन. आदल्या रात्री गांधीग्रामला पूर्णेच्या काठावर घेऊन जाईन. मी गेलो होतो. पोरं नदीचं पाणी भरण्यांमध्ये भरतात, त्या बांबूंना बांधतात आणि ती अवजड कावड खांद्यावर घेऊन अनवाणी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात. एकट्या-दुकट्याला ती उचलणं शक्यच नाही. चालता चालता खांदा बदलावा लागतो. ज्याचा खांदा दुखतो तो नुसता हुंकार देतो, मागचा पुढे सरकतो, वजन त्याच्यावर जातं. कावड थांबत नाही, पाणी सांडत नाही. "हर बोला महादेव"चा गजर चालूच. मी रस्त्याच्या कडेनं बरोबर चालत होतो आणि मनात म्हणत होतो, चौघांनी मिळून खेळायची याहून उत्तम कामगिरी कुणी रचू शकेल का? तशाच पोळ्याच्या झडत्या आहेत. तोरणाखाली बैल उभे, एकानं झडती म्हटली की दुसऱ्यानं तोडीस तोड म्हणायची. तिथेही समोरचा नसेल तर झडतीला अर्थ नाही. आपल्या सणांमध्ये हे सगळं पिढ्यान् पिढ्या तयार आहे.

पुन्हा त्या पहाटेकडे येतो. साडेपाच वाजले. भाच्याच्या स्क्वॉडमध्ये एक मूर्तिजापूरचा, एक दर्यापूरचा आणि एक नोकरीसाठी नुकताच पुण्याला गेलेला. आकाशकंदिलाच्या टोकनची मुदत भाऊबीजेपर्यंत होती आणि कामगिरी चौघांशिवाय सुरूच होत नव्हती. दर्यापूरच्या पोराला आईनं आंघोळीला ओढून नेलं होतं. तिघं लॉबीत थांबले. तेवढ्यात ताईनं पाट मांडला आणि भाच्याला त्यावर बसवून पाठीला उटणं लावायला सुरुवात केली. त्यानं एक हात कोरडा राखून फोन वर धरला होता. बाहेर कुणीतरी लवंगी लावली.

"माइक बंद करू का बे?" त्यानं विचारलं. "घरचा लय आवाज येऊन रायला."

पुण्याच्या पोरानं सांगितलं, "नको ना. चालू राहू दे. मी एकटाच हावो रूमवर."

भाच्यानं हेडफोनची वायर काढून आवाज मोठा केला. ताईनं ते ऐकलं होतं. उटण्याचा हात तसाच ठेवून ती फोनकडे वाकली आणि म्हणाली, "बाबू, पाणी तापवलं का? आधी तेल लाव डोक्शाले. तुयी आंघोय होयेपर्यंत थांबतात हे सारे."

ते थांबले.