ट्रंकेतली उडून जाणारी गोळी

सरका रे जवळ. आजीची ट्रंक उघडली की नाकात भसकन शिरतो, तो वास डांबरगोळीचा. दिवाळीत पैठणीच्या घडीत ठेवलेली सुपारीएवढी गोळी पुढच्या दिवाळीला वाटाण्याएवढी उरते. कपडे ओले नाहीत, डाग नाही. मग गेली कुठे? उडून! वितळण्याची तसदी न घेता घनाचा थेट वायू झाला. संप्लवन म्हणतात त्याला.

तिचं खरं नाव नॅप्थलीन. ती निघाली दगडी कोळशाच्या डांबरातून. १८२१ साली जॉन किड या इंग्रजानं तिचं बारसं केलं आणि १८२६मध्ये मायकेल फॅरडेनं तिचं सूत्र लावलं: कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे ८. पोळ्यातली दोन षटकोनी घरं एका भिंतीनं जोडलेली असावीत, तशी तिची रचना.

आता गंमत बघा. साध्या पाण्यात कापूर तरंगतो, ही बुडते. पण पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला, की ही वर येते! मोरीत टाकतात ती दुसऱ्या रसायनाची गोळी मात्र खारट पाण्यातही तळाशीच. करून बघायचं तर मोठ्यांसमोर, चिमट्यानं, नि जेवणाच्या वाटीत मुळीच नाही.

कारण वास म्हणजे खुद्द गोळीच असते, नाकात शिरलेली. बंद ट्रंकेत वाफ कोंडली की कसर मरते; उघड्या कपाटात कसर बचावते आणि वाफ आपण हुंगतो. हा शुद्ध वेडेपणा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेनं फुटतात, कावीळ चढते. म्हणून झबल्या-दुपट्यांत ही गोळी कधीच ठेवू नये. इतर कपडेही धुऊन, उन्हात वाळवूनच अंगाला लावावेत. युरोपीय संघानं तर २००८मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

दिसते पेपरमिंटसारखी, तिथंच घात. कुणा चिमुरड्यानं गिळलीच तर आपल्याकडे आधी दूध पाजायला धावतात. ते करू नका; स्निग्ध पदार्थांत ती विरघळते नि अंगात लवकर भिनते. मूल धडधाकट दिसलं तरी पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. त्रास दोन-तीन दिवसांनीही सुरू होऊ शकतो.