डिस्कला लागलेले कुलूप

लॅपटॉप ही आता साहेबांच्या टेबलावरची वस्तू राहिलेली नाही. मुलांचे प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद, बचत गटाचा जमाखर्च, लग्नकार्याचे फोटो असे सारे घर त्याच्या पोटात साठलेले असते. आपल्या घरांत तो बहुधा नवा येतही नाही. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, लॅमिंग्टन रोडवरून किंवा जवळच्या दुकानातून जुना म्हणून घेतलेला, असाच तो येतो. आणि एखाद्या दिवशी बटण दाबावे तर विंडोजची खूण दिसण्याआधीच काळ्या पडद्यावर चौकट उभी राहते, 'हार्ड डिस्कचा पासवर्ड द्या'. तो कुणालाच आठवत नसतो!

आम्ही इंजिनिअर नाही, पोटासाठी कारकुनी करणारी माणसे. पण वस्तीतले अर्ज-विनंत्यांचे काम हाती असल्यामुळे अशी प्रकरणे आमच्यापर्यंत येतात. त्यांतून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, लॅपटॉपला कुलूप एक नसते. चाळीच्या दाराचे कुलूप वेगळे, खोलीचे वेगळे आणि खोलीतल्या कपाटाचे वेगळे, तसेच हे आहे. नाव व फोटो दाखवून विंडोज जो पासवर्ड मागते तो खोलीचा. तो विसरला तरी फारसे बिघडत नाही. डिस्कवर दुसरे संरक्षण नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते व फायली वाचता येतात. यंत्र सुरू होताच मदरबोर्ड जो पासवर्ड मागतो तो चाळीच्या दाराचा. हार्ड डिस्कचा पासवर्ड मात्र थेट कपाटाला लागलेला असतो. तो विंडोजमध्ये नसतो, मदरबोर्डवरही नसतो. डिस्क तो आपल्याच पोटात, राखीव जागेत ठेवते. म्हणून डिस्क काढून शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावली तरी ती दाद देत नाही. विंडोज नव्याने घालू म्हटले तरी ती एक अक्षर लिहू देत नाही.

हे एवढे ठाऊक नसल्यामुळे लोक फसतात. आमच्या माहितीतील एका दुकानदाराने आतली छोटी गोल बॅटरी काढून कुलूप उघडतो असे सांगून एका घरगड्याच्या मुलाकडून दोनदा पैसे घेतले. ती युक्ती जुन्या टेबलावरच्या संगणकांच्या सुरुवातीच्या पासवर्डापुरती चालत असे. डिस्कच्या कुलपाशी त्या बॅटरीचा काडीचा संबंध नाही. मुलगा बिचारा दुसऱ्यांदाही पैसे देऊन आला, कारण दुकानदार इंग्रजीत बोलत होता!

मग करायचे काय? आधी घाई सोडावी. साध्या डिस्कवर चुकीचा पासवर्ड टाकल्याने आतला मजकूर जळत नाही. बहुतेक लॅपटॉप तीनदा चुकले की थांबतात. डिस्क स्वतः पाच चुकांनंतर ऐकणे बंद करते. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू केले की नव्याने प्रयत्न करता येतो. (सगळीकडे असे नसते. एका परदेशी प्रोग्रामरच्या कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये ७,००२ बिटकॉइन अडकले होते. दहा संधींपैकी आठ वाया गेल्याची त्याची हकिकत २०२१ साली जगभर गाजली. दहावी चुकली की तो ड्राइव्ह स्वतःच मजकूर कायमचा बंद करणार होता.) वहीत एकेक प्रयत्न लिहीत जावे, म्हणजे तोच तोच शब्द पुन्हा टाकला जात नाही. कॅप्स लॉक पाहावा. नंबर लॉक पाहावा. एखादी कळ मेली असेल तर बरोबर पासवर्डही चूक ठरतो, म्हणून बाहेरचा कीबोर्ड लावून पाहावा. आणि हे सारे त्याच लॅपटॉपवर करावे. काही कंपन्यांची यंत्रे आपण टाकलेला शब्द आपल्या पद्धतीने बदलून मग डिस्ककडे पाठवतात, त्यामुळे खरा पासवर्डही दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर लागू पडत नाही.

लॅपटॉप कचेरीतून आलेला असेल तर आणखी एक वाट असते. डिस्कला दोन पासवर्ड असू शकतात, एक वापरणाऱ्याचा व एक मास्टर. मास्टर हा कचेरीतल्या संगणक विभागाकडे असतो. डिस्क 'हाय' पातळीवर बांधलेली असेल तर मास्टरने ती सरळ उघडते. 'मॅक्झिमम' पातळी असेल तर मास्टरने फक्त पुसून कोरी करता येते. तेव्हा विकणाऱ्याला गाठावे, पावती दाखवावी, जुन्या कचेरीत विचारावे. काही कंपन्या खरेदीचे बिल पाहून जुन्या मॉडेलसाठी सोडवणुकीचा कोड देत आल्या आहेत. पण थिंकपॅडच्या माहितीपुस्तिकेत साफ लिहिलेले असते की, हा पासवर्ड विसरल्यास मजकूर परत मिळवून देता येणार नाही, डिस्क बदलावी लागेल.

आमच्या ओळखीच्या एका मावशींचा कर्ता मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. मागे लॅपटॉप राहिला, त्याला डिस्कचा पासवर्ड. भविष्यनिर्वाह निधीचे सर्व कागद त्यात आहेत, तो उघडल्याखेरीज पैसे मिळायचे नाहीत, असे कुणीतरी मावशींच्या मनात भरवले होते. त्या सहा महिने दुकाने फिरल्या. खरे पाहता निधीचा दावा कामगाराच्या यूएएन क्रमांकावर चालतो, लॅपटॉपवर नव्हे. तो क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवर सापडला, आणि अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह गेला. विम्याची प्रत शाखेतून मिळाली. गुणपत्रिका बोर्डाकडून पुन्हा काढता येतात. जे कागद सरकारदरबारी आहेत त्यांच्यासाठी कुलपाशी डोके फोडण्याचे कारण नाही. मावशींच्या मुलाचे फोटो मात्र दुसरीकडे कुठेच नव्हते. एका प्रयोगशाळेने डिस्क पाहून नकार दिला. ती डिस्क आतला मजकूर कायम सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या जातीची होती. साध्या डिस्कवर तज्ज्ञांचा हात कधीकधी चालतो, अशा डिस्कवर नाही. मावशींनी लॅपटॉपला नवी डिस्क घालून तो नातीला दिला, आणि जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. त्यांना टाकून द्या म्हणण्याची आमची छाती झाली नाही.

नुसती डिस्क वाचवायची असेल, मजकूर गेला तरी चालेल, तर अशा अनेक डिस्कच्या लेबलावर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. डिस्क बनवणाऱ्याच्या साधनात तो भरला की ती पुसून पुन्हा वापरता येते. पण त्याने फोटो परत येत नाहीत, हे आधी समजून घ्यावे.

निळ्या पडद्यावर 'रिकव्हरी की' मागितली असेल तर ते प्रकरण वेगळे, ते बिटलॉकर. त्याची किल्ली ४८ अंकी असते. ती पुष्कळदा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यात जाऊन पाहावे. तिथे नसेल, कागदावरही नसेल, तर मायक्रोसॉफ्टही ती पुन्हा तयार करून देऊ शकत नाही. नव्या लॅपटॉपांत हे संरक्षण पुष्कळदा आपल्याला न विचारता चालू झालेले असते, म्हणून आजच खाते तपासून ते ४८ अंक रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावेत.

जुना लॅपटॉप घेताना दुकानातच तो दोनदा पूर्ण बंद-चालू करून पाहावा, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचा व मदरबोर्डचा पासवर्ड लावलेला आहे का ते विक्रेत्याकडून दाखवून घ्यावे, आणि असल्यास त्याच्याच हाताने काढून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.