पलटण गेली, बाजार राहिला

कॉफी हाउस म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांपुढे कवी, नट आणि पुढारी यांच्या बैठकी उभ्या राहतात. हिंगोलीत ते सारे काम चहा करतो. कॉफी घरची, जायफळ घालून, सर्दीपडशाला किंवा जागरणाला. बाजारात मात्र चहा, आणि तो जिथे मिळतो त्या पत्र्याच्या छपरालाही इकडे ‘हॉटेल’च म्हणायचे!

हा बाजार वाढला फौजेच्या जिवावर. १८१९ पासून १९०३ पर्यंत हिंगोली ही निजामाच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ची छावणी होती. याच फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. फौज गेली, पण सदर बाजार, रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे गेली नाहीत. रिसाल्यात घोडा नाही, तोफखान्यात तोफ नाही. पत्ता मात्र तोच. छावणी उठली की तिच्या आश्रयाचा बाजारही बहुधा उठतो. हिंगोलीच्या बाजाराला कापसाने तारले, आणि आता हळदीने धरून ठेवले आहे.

संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले. त्यांच्याच नावाचे हळदीचे मार्केट यार्ड शहरात आहे. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. यार्डात बीट चालू असते तेव्हा व्यापारी कांडी मोडून आतला रंग पाहतो आणि शेतकरी व्यापाऱ्याच्या चेहऱ्याचा रंग पाहतो. मग दोघेही बाहेरच्या हॉटेलात ‘दोनात तीन’ सांगतात.

पण हळदीचा पैसा फार सावकाश येतो. मे-जूनमध्ये लावावी, जानेवारीच्या पुढे काढावी, शिजवावी, वाळवावी, पॉलिश करावी, तेव्हा कुठे ती यार्डात पोहोचते. तोवर घरातली मीठमिरची, मुलीची वह्या-पुस्तके, सणाचे लुगडे कोठून यायचे? दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन थोडा हात देते. परंतु त्या पैशावर खतवाल्याचा आणि मजुरीचा आधीच डोळा असतो. अशा वेळी गल्लीतला किराणा दुकानदार लाल वही पुढे ओढतो.

“आप्पा, मागली बाकी हाय, ह्या वेळी थोडंच द्या.”

“घ्या हो मामा. सोयाबीन काढलं का?”

“काढलं, पर ओलं हाय आजून.”

“मग वाळू द्या की. आकडा काय पळून जातो का?”

हा संवाद शहरातल्या वाचकांना गोड वाटेल. तो तितका गोड नाही. उधारीचा माल थोडा चढ्या भावानेच मिळतो, आणि बाकी असताना दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची गिऱ्हाइकाला लाज वाटते, हेही दुकानदाराने हिशेबात धरलेले असते. दुकानदाराचेही सुख बेताचे. एखाद्या साली हळदीचा भाव पडला, किंवा कंद सडला, की मामांचे हात रिकामे आणि आप्पांची वही भरलेली. ठोक व्यापारी त्यांच्यासाठी थांबत नाही.

आता मोबाइलवरून मागवलेले कापड दारात येते. निवड मोठी, भावही पुष्कळदा कमी. मात्र ते घेऊन आलेल्या पोराला “हळद विकल्यावर देतो” असे सांगून भागत नाही. पुण्याच्या ‘अमृततुल्य’ चहाच्या साखळी-दुकानांच्या पाट्याही मराठवाड्यात लागल्या आहेत. चहा चांगला, भाव पाटीवर लिहिलेला, आणि प्यायचा बहुधा उभ्यानेच. जुन्या हॉटेलात बाकडे असते आणि एकच वर्तमानपत्र चौघांत पाने वाटून वाचले जाते. बीट संपेपर्यंत तिथे बसले तरी कुणी ऊठ म्हणत नाही. बसायला जागा नसेल तर हळदीचा भाव कळायचा कसा?

दुकानदारांची पुढची पिढी कितपत टिकेल, याची आम्हांला शंका आहे. शिकलेल्या मुलाला वहीचे ओझे नको असते, रोखीचा धंदा हवा असतो. त्याचे चुकते असेही नाही. गल्ल्याशेजारी मोबाइलने पैसे घेण्याचा चौकोनी कागद चिकटवलेला दिसतो. त्याच्याच खाली, तेलाचे डाग पडलेली, सुतळीने बांधलेली वही असते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही चौरंगावर येते. तिच्यावर हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात, आणि दुसऱ्या पानापासून मागील बाकी उतरवायला घेतात.