पोकळ बुरूज

दहावीची परीक्षा संपल्यावर, २०२२ च्या मे महिन्यात, आई, आजी आणि मी खोपोलीला मामाकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. त्यातला एक दिवस मामाने कर्जतजवळचा एन. डी. स्टुडिओ दाखवण्यात घालवला. जिथे चित्रपटांचे चित्रीकरण चालते तीच जागा तिकीट लावून लोकांनाही दाखवायची, अशी तेथे सोय होती. रात्री फोनवर बाबांना सांगितले, तर ते म्हणाले, "शिवनेरी तासाभराच्या वाटेवर आसताना पैसे मोजून खोटा गड बघाया गेला व्हय?" मला तेव्हा काही बोलता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

हा स्टुडिओ उभारला तो कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी, २००५ साली. 'लगान' आणि 'देवदास' या चित्रपटांच्या नेपथ्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. 'जोधा अकबर'साठी त्यांनी याच जागी आग्र्याचा किल्ला उभा केला. पण आमच्याकडच्या माणसाला त्या जागेचे कुतूहल वेगळ्याच कारणाने. स्टार प्रवाह वाहिनीवर २००८ मध्ये सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका येथेच घडली, आणि तीत महाराजांची भूमिका केली ती आपल्या नारायणगावच्या डॉ. अमोल कोल्हे यांनी. पुढे २०१९ मध्ये ते जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके ज्यात येतात त्या शिरूर मतदारसंघाचे खासदार झाले. म्हणजे खरा शिवनेरी आमच्याकडे, खोटा गड कर्जतला, आणि त्या गडावरचा राजा पुन्हा आमच्याकडचा, असा हा गुंता आहे.

महाद्वारासमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा मी तर अगदी थक्क झाले. काळा दगड, त्यातल्या सांधी, मधूनमधून उगवल्यासारखे दिसणारे शेवाळ, सगळे जागच्या जागी. आजी मात्र सरळ बुरुजापाशी गेली आणि बाजारात मडके घेताना वाजवून बघतात तशी तिने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली. आतून पोकळ आवाज आला. ती मागे वळून म्हणाली, "आगं, ह्यो गड न्हाई, ह्ये गाडगं हाय!" आम्हांला हिंडवणारा मुलगाही हसू लागला आणि तिला बुरुजाच्या पाठीमागे घेऊन गेला. माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट ती पाठच होती.

मागे बुरूज नव्हताच. लाकडी फळ्यांचा, बांबूंचा आणि लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा होता आणि त्याला समोरच्या बाजूने साल चढवलेली होती. हे काम कसे चालते ते त्या मुलाने थोडेफार सांगितले, बाकीचे मी नंतर वाचले. कलादिग्दर्शक आधी पटकथा वाचतो, रेखाटने करतो, मग लहान प्रतिकृती करून घेतो. त्यावरून सुतार सांगाडा उभारतात. दगडाचा एक नमुना मातीत घडवून त्याचा साचा काढतात आणि त्या साच्यातून प्लास्टर ऑफ पॅरिसचे पत्रे पाडतात. नुसते प्लास्टर ठिसूळ असते म्हणून त्यात काथ्या घालतात, जसे आपण भिंत लिंपताना मातीत भुसा कालवतो. जे हलके हवे किंवा पावसात टिकायला हवे ते फायबरचे. नक्षी पुष्कळदा थर्माकोलची. शेवटी रंगारी येतात, आणि खरी किमया त्यांची. पांढऱ्या फटफटीत पत्र्यावर आधी गडद रंग, त्यावर पातळ केलेले फिकट रंग, मग ओघळ, डाग, काजळी. तीनशे वर्षांचे ऊनपाऊस चार दिवसांत अंगावर चढवायचे! सांधी लपवणे हेही त्यांचेच काम.

कॅमेऱ्याला जेवढे दिसते तेवढेच बांधायचे, हा या बांधकामाचा पहिला नियम. म्हणून दरबाराला छत नसते, कारण तेथून दिवे सोडायचे असतात. एखादी भिंत चाकांवर किंवा खिळ्यांवर अशी बसवतात की, कॅमेरा मागे न्यायचा झाला तर तीच काढून ठेवता यावी. दूरचे मनोरे मुद्दाम लहान करतात म्हणजे ते आणखी दूर वाटतात. बाबांना हे सांगितले असते तर ते म्हणाले असते की ही तर फसवणूकच झाली. पण शिवनेरीवर चित्रीकरण करायचे म्हटले तर काय होईल याचा विचार करावा. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचा गड, तेथे भिंतीत एक खिळाही ठोकता यायचा नाही. सात दरवाजे चढून दिवे, रूळ, जनित्र वर न्यायचे. वर आज लोखंडी कठडे, फलक आणि हिंडणारी माणसे. शिवाय लढाईत दरवाजा फोडायचा असला तर तो फोडायचा कसा? खरा दरवाजा एकदाच असतो. खोटा जोडून पुन्हा फोडता येतो.

पूर्वी तर एवढेही नव्हते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हा राजवाडा म्हणजे नाटकातल्यासारखा रंगवलेला पडदा असे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतः नाटकांचे पडदे रंगवणारे, परंतु त्यांनीच पडदा सोडून प्रत्यक्ष उभी राहणारी, खोली असलेली दृश्ये बांधायला सुरुवात केली. त्यांचा 'सैरंध्री' १९२० चा. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी पुढे प्रभात कंपनी घेऊन १९३३ मध्ये पुण्यास आली, आणि आज त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. चित्रीकरण पाहायला तिकीट लावण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेत कार्ल लेमली यांनी युनिव्हर्सल स्टुडिओची दारे १९१५ मध्येच पंचवीस सेंट घेऊन लोकांना उघडी केली. पुढे बोलपट आले, प्रेक्षकांच्या गलबल्याने आवाज बिघडू लागला, आणि लोकांना बाहेर काढावे लागले. ही सोय पुन्हा नीटपणे सुरू झाली ती १९६४ मध्ये. आपल्याकडे हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी १९९६ ची. या सगळ्यामागचे गणित सारखेच. चित्रीकरण रोज नसते, पण बांधलेला गड रोज उभा असतो, तेव्हा रिकाम्या दिवशी त्याने दारचे तिकीट तरी मिळवावे.

येथे मला नारायणगावच्या तमाशाची आठवण होते. विठाबाईंच्या गावची मुले आम्ही, कनातीत बसून वग पाहिलेला आहे. तेथे राजवाडा नसतो, जंगल नसते, काहीच नसते. राजा नि प्रधान बोलत बोलत मंचावर एक फेरा मारतात आणि "आलं बरं का आपलं राज्य!" म्हणतात, की आपण त्या राज्यात असतो. बुरूज बांधायचा खर्च प्रेक्षकाच्या डोक्यावर! कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला समोर भिंत लागतेच, मग ती आतून पोकळ का असेना. बाबा तमाशातल्या राजाला कधी खोटा म्हणाले नाहीत.

दुपारी आम्ही एका बाजारपेठेच्या देखाव्यात गेलो. दोन्ही बाजूंना दुकाने, ओटे, कडीकोयंड्याची दारे. आई आणि मी फोटो काढण्यात गुंतलो होतो. आजी एका दारासमोर थांबली. दार ढकलले तर मागे बांबू आणि मोकळे आकाश. तिने त्या मुलाला विचारले, "हितं कोण ऱ्हायाचं?" तो म्हणाला, "कोणीच नाही, आजी." "मग उंबरा कशाला घातलाय?" ती म्हणाली, आणि त्या उंबऱ्यावर पाय न देता बाजूने निघाली.

आजी जुन्या आंबेगावची. ज्या गावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुनी देवळे आणि घरांची जोती वर येतात, आणि आजी कोणाला तरी सोबत घेऊन तेथे जाऊन येते. कर्जतहून परत निघालो तेव्हा गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले दमली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, आमचं गाव बांध. मी सांगते कुणाचं घर कुठं व्हतं त्ये." ती थट्टा करीत नव्हती. तिच्याकडे पटकथा होती, नकाशा होता, कोणत्या दाराला कडी आणि कोणत्याला साखळी तेही ठाऊक होते. मी तेव्हा हसण्यावारी नेले, याचे मला अजून वाईट वाटते. यंदाच्या सुट्टीत मी तिच्याकडून गावातली एक आळी वहीवर काढून घेतली आहे. एकवीस घरे झाली.

२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाई त्याच स्टुडिओत मृतावस्थेत सापडले. मी बारावीत होते. कर्जाचे सुमारे २५२ कोटी रुपये थकल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आमच्या घरात कर्ज हा शब्द टोमॅटोच्या आणि कांद्याच्या भावाबरोबर येतो, आणि एवढा आकडा कोणालाच नीट वाचता येईना. बाबांनी बातमी दोनदा वाचली. खोट्या गडाबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. आजीने मात्र बाहेरच्या पावसाकडे पाहून विचारले, "आता त्या गाडग्यांवर ताडपत्री कोण घालंल?" प्रश्न बरोबर होता. प्लास्टर पाण्याने भुसभुशीत होते, आणि घाटाखालचा पाऊस काही थोडाथोडका नसतो. दर पावसाळ्यानंतर डागडुजी केली नाही तर असा गड दोनतीन वर्षांत उघडा पडतो आणि आतल्या फळ्या दिसू लागतात.

पुढे तो स्टुडिओ राज्य शासनाच्या, गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या महामंडळाकडे गेला. ते मी आजीला वाचून दाखवले. तिने वही मागवून घेतली आणि बाविसावे घर सांगितले. कासाराचे, देवळाच्या मागच्या अंगाला, उंबरा दगडी.