तिवऱ्याचा दाणा : सजीवांच्या रसायनाचा एक पाठ

रायपूरच्या शंकर नगरासारख्या शहरी वस्तीतही हिवाळ्यात तिवऱ्याची कोवळी भाजी शिजते. भोवतालच्या छत्तीसगढमध्ये हे पीक धानाच्या उभ्या शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर ‘उतेरा’ पद्धतीने पेरले जाते. पूर्व विदर्भात त्यालाच लाख किंवा लाखोळी म्हणतात, हिंदी प्रदेशात खेसारी. नावे निराळी असली तरी दाण्यातील रसायन एकच आहे; आणि त्या रसायनाचा इतिहास दारिद्र्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

सजीवांच्या रचनेत कार्बनचे स्थान मध्यवर्ती आहे, कारण त्याचा अणू चार बंध जोडू शकतो. अमिनो आम्लात सामान्यतः एकाच कार्बन अणूला अमिनो गट, कार्बॉक्सिल गट, हायड्रोजन आणि एक पार्श्वशृंखला जोडलेली असते. पहिले तीन घटक समान. पार्श्वशृंखलेमुळे मात्र प्रत्येक आम्लाला स्वतंत्र व्यक्तित्व लाभते. अशी वीस आम्ले निरनिराळ्या क्रमाने सांधली जाऊन प्रथिने घडतात व प्रत्येक सांध्यागणिक पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मोजक्या वर्णांतून भाषेचा अफाट शब्दसंग्रह सिद्ध व्हावा, तसाच हा व्यवहार आहे.

परंतु निसर्गातील सर्वच अमिनो आम्ले या वर्णमालेत बसत नाहीत. तिवऱ्याच्या दाण्यात सुमारे 28 टक्के प्रथिने असतात. त्यांच्याबरोबरच ‘ओडॅप’ नावाचे, प्रथिनांत न सामावणारे एक अमिनो आम्लही असते. 1964 मध्ये दिल्ली व बंगळूर येथील संशोधकांनी ते वेगळे केले. त्याची घडण ग्लुटामिक आम्लाशी बरीच मिळतीजुळती आहे. ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनांचा घटक तर आहेच, शिवाय मज्जासंस्थेतील संदेशवाहकही आहे. चेतापेशीवरील ग्राही रेणू ओडॅपलाच ग्लुटामेट समजून स्वीकारतात; त्यामुळे पेशी वाजवीपेक्षा अधिक उत्तेजित होतात, आणि पायांच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या पेशी अखेरीस निकामी होतात. पाय ताठरतात, आणि हे अपंगत्व सहसा कायमचे असते.

तथापि केवळ रेणूला दोषी ठरविणे अपुरे होईल. विल्यम स्लीमन याने 1844 च्या आपल्या ग्रंथात मध्य भारतातील खेड्यांची हकीकत नोंदविली आहे : 1829 पासून लागोपाठ तीन वर्षे गहू व इतर रब्बी पिके बुडाली, तिवरा तेवढा टिकला, आणि 1833 मध्ये तरुण माणसांचे पाय लुळे पडू लागले. रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून खेसारीच दिली जाई. इतर धान्यांबरोबर अल्प प्रमाणात खाल्लेला दाणा सहसा अपाय करीत नाही. महिनोन्‌महिने तोच मुख्य आहार झाला, म्हणजे विकार उद्भवतो. म्हणून 1961 च्या विक्रीबंदीने प्रश्न पुरता सुटणे शक्य नव्हते. भुकेल्याच्या शेतातील पीक बाजारातील बंदीने नाहीसे होत नाही.

उपायाचे सूत्रही रसायनातच आहे. ओडॅप पाण्यात विरघळते. त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास त्याचा बराचसा अंश निघून जातो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवरा’ हे अल्प ओडॅप असलेले वाणही विकसित केले आहे. रेणूची रचना विषाचे कारण सांगते. ते विष कोणाच्या वाट्याला येते, हे मात्र ताटात दुसरे काय आहे यावरून ठरते.